कान, बोलणं आणि भाषा : इस्राएलमध्ये मदत कुठे आणि कशी मिळवावी



आपल्या घरांतून मोठ्या माणसांबद्दल काही वाक्यं नेहमी ऐकू येतात. "नानांना हाक मारली तरी ओ देत नाहीत." "आईचा आवाज इतका बारीक झालाय की काही कळत नाही." "शावात्स मोखी झाल्यापासून बाबा इव्रितच विसरले." आणि या सगळ्यावर उत्तर एकच, "वय झालं, आता काय करणार!"

वय झालं हे खरं. पण या तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि त्यांवर इथे उपचार मिळतात. कुणाकडे जायचं, काय मागायचं आणि मराठी बोलणाऱ्या माणसाने कोणती गोष्ट आवर्जून सांगायची, ते या लेखात दिलं आहे.

सुरुवात कुठून करावी

१९९५ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय आरोग्य विमा कायद्यानुसार प्रत्येक रहिवासी चारपैकी एका कुपात खोलीमचा सभासद असतो : क्लालित, मकाबी, मेउखेदेत किंवा लेउमित. आपली पहिली पायरी तीच. घरच्या डॉक्टरांना त्रास सांगा आणि अफ-ओझेन-गारोन, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा तोर घ्या. ते कान तपासतात. पुष्कळदा कानात नुसता मळ साचलेला असतो आणि तो काढला की ऐकू येऊ लागतं. तसं नसेल तर ते पुढच्या तपासणीसाठी हाफनाया देतात.

पुढचं काम "क्लिनाईत तिकशोरेत" यांचं. ऐकणं, बोलणं, भाषा, आवाज आणि गिळणं हे सगळं त्यांच्याच शाखेत येतं. आरोग्य व्यवसायांबद्दलच्या २००८ च्या कायद्याने या व्यवसायाला सरकारी नोंदणी लागते. खाजगीत जायचं असेल तर आरोग्य मंत्रालयाचं प्रमाणपत्र आहे का, हे विचारायला लाजू नका.

ऐकू येतं, पण समजत नाही

वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ, त अशी अक्षरं निसटतात. म्हणून माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." अशा वेळी ओरडून बोलण्याचा उपयोग होत नाही, शब्द उलट फुटतो.

श्रवण तपासणीचे दोन भाग असतात. पहिल्यात बंद खोलीत हेडफोन लावून बारीक-मोठे सूर ऐकवतात, त्याला भाषा लागत नाही. दुसऱ्यात शब्द ऐकवतात आणि ते परत म्हणायला सांगतात. हे शब्द सहसा इव्रित असतात. ज्याचं इव्रित कच्चं आहे तो इथे चुकतो आणि कान आहेत त्यापेक्षा वाईट दिसतात. म्हणून तपासणी सुरू होण्याआधीच सांगा : "माझी भाषा मराठी आहे, इव्रित मी मोठेपणी शिकलो." निकाल वाचताना हे ध्यानात घेतलं पाहिजे.

माखशिर श्मिया, म्हणजे श्रवणयंत्र लागणार असेल तर एक नियम पाळा : आधी मंजुरी, मग खरेदी. किती मदत मिळते, किती वर्षांनी नवीन यंत्र घेता येतं आणि तुमच्या पूरक विम्यातून आणखी काही मिळतं का, हे कुपात विचारून कागदावर लिहून घ्या. दुकानात आधी पैसे भरले तर नंतर परतावा मिळवणं अवघड जातं. यंत्र वापरून बघण्याची मुदत किती, हेही लिहून मागा.

यंत्र घातल्यावर पहिले काही आठवडे ताटवाट्या, नळ, रस्ता सगळंच कर्कश वाटतं. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. रोज थोडा थोडा वेळ वाढवा आणि खुपलं, शिट्टी वाजली तर परत जाऊन बसवून घ्या. ड्रॉवरमध्ये पडलेल्या यंत्राचा कुणालाच फायदा नाही. शक्तिशाली यंत्रानेही भागत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल डॉक्टरांना विचारा. ही शस्त्रक्रिया मोठ्या वयातही होते.

हे सगळं कशासाठी करायचं? ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू लग्नात, मालिद्याला, शेजाऱ्यांत जायचं सोडतो. "लान्सेट" या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने मधल्या वयातला दुर्लक्षित बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरला आहे.

एक गोष्ट तातडीची. एका कानाने अचानक, काही तासांत किंवा रात्रीतून ऐकू येईनासं झालं तर तोराची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यावरचं औषध पहिल्या काही दिवसांतच चांगलं लागू पडतं.

कारखान्यातल्या आवाजाने गेलेले कान

आपली कितीतरी माणसं गिरण्यांत, कारखान्यांत, विमानांच्या कामात वर्षानुवर्षं होती. कामावरच्या मोठ्या आवाजाने कान गेले असतील तर बितुआख लेउमीकडे कामावरच्या इजेचा दावा करता येतो. त्यासाठी दोन्ही कानांत किमान २० डेसिबलची घट लागते. मुदत आहे १२ महिन्यांची. ऐकणं कमी झाल्याची पहिली नोंद वैद्यकीय कागदात झाली, किंवा ऐकणं कमी होऊ लागलं, यातलं जे आधी असेल तिथून ती मोजतात. म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाल तेव्हाच कामाचं सांगा, आणि कागद हातात आला की चौकशी लांबवू नका. बितुआख लेउमीचा फोन *६०५०.

शावात्स मोखीनंतर भाषा गेली तर

तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर ताबडतोब १०१ वर मागेन दाविद आदोमला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्रास केव्हा सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा.

मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की भाषा जाऊ शकते. याला अफेझिया म्हणतात. कुणाला समजतं पण शब्द निघत नाही. कुणी भराभर बोलतो पण त्याचा अर्थ लागत नाही. अशा माणसाला वेड लागलेलं नसतं, त्याची अक्कलही गेलेली नसते. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल "यांना काही कळत नाही" असं बोलू नका.

दोन-तीन भाषा येणाऱ्यांत बहुतेक वेळा सगळ्या भाषा बरोबरीने सुधारतात. पण काहींत एकच भाषा आधी परत येते, कधी बालपणीची, कधी रोजच्या वापरातली. आपल्याकडे धोका असा की तपासणी फक्त इव्रितमध्ये होते, माणूस गप्प बसतो आणि "काहीच बोलत नाहीत" अशी नोंद होते. घरी मात्र तो मराठीत "पाणी दे" म्हणत असतो. ही गोष्ट डॉक्टरांना आणि क्लिनाईतना पहिल्याच दिवशी सांगा. भाषा कोणती आधी आली, घरी कोणती बोलतात, वाचतात कोणती, हे सगळं लिहून द्या. पेशंटला मराठीत जे बोलता येतं ते फोनवर रेकॉर्ड करून दाखवा.

आरोग्य मंत्रालयाने २०११ मध्ये काढलेल्या परिपत्रकात रुग्णाला भाषेची सोय देण्याबद्दल संस्थांना सूचना आहेत. तरी मराठी दुभाषा सहज मिळेल असं धरून चालू नका. मराठी आणि इव्रित दोन्ही नीट येणारी व्यक्ती बरोबर न्या. नातवंडांना इव्रित उत्तम येतं, पण आजीचं मराठी चुकलंय की बरोबर आहे हे त्यांना कळेलच असं नाही.

घरी सोडायच्या आधी हॉस्पिटलच्या ओवेदेत सोत्सियालितला भेटा आणि पुनर्वसनाचं विचारा. रआनाना इथलं लेवेनश्टाईन पुनर्वसन केंद्र या कामासाठी ओळखलं जातं. त्यासाठी कुपाची हमी, म्हणजे टोफेस १७, लागते. घरी आल्यावरचे उपचार किती वेळा मिळणार, तेही लेखी घ्या.

शब्द निघत नसतानाही गाणं, मोजणी, पाठ प्रार्थना पुष्कळांना म्हणता येतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरांवर आधारलेली उपचारपद्धतही तयार झाली. तेव्हा घरी "एलियाहू हानावी" म्हणा, जुनी कीर्तनं लावा, एक ते दहा बरोबर मोजा. त्याने भाषा आपोआप परत येत नाही, पण तोंड उघडतं आणि धीर येतो.

आवाज आणि गिळणं

आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल तर घसा तपासून घ्या. पार्किन्सनमध्ये आवाज बारीक होतो, त्यासाठी मोठ्याने बोलण्याचे खास व्यायाम आहेत. पाणी पिताना ठसका लागणं, जेवल्यावर आवाज ओला येणं, वारंवार छातीत कफ होणं ही गिळण्याच्या त्रासाची लक्षणं असू शकतात. त्याकडेही क्लिनाईत बघतात.

आणखी कोण मदत करतं

• बेकोल : कमी ऐकू येणाऱ्या मोठ्या माणसांची संस्था.
• बहिऱ्यांची संघटना : १९४४ पासून. तेल अवीवचं हेलन केलर हाऊस हे तिचं केंद्र.
• मिखा : बहिऱ्या लहान मुलांसाठी. नातवंडांचं काही असेल तर विचारा.
• नेएमान : शावात्स मोखी झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.
• याद सारा : वैद्यकीय साहित्य उसनं देणारी संस्था. फोन *६४४४.
• आरोग्य मंत्रालय : हक्कांची माहिती आणि तक्रारी. फोन *५४००.
• ज्येष्ठांसाठी सरकारी फोन : *८८४०.

मराठीतून उपचार हवे असतील तर मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाणी आणि श्रवणाचं शिक्षण देते. मराठी बोलणारे थेरपिस्ट मुंबई-पुण्यात आहेत आणि व्हिडिओवरून सराव घेता येतो का, हे विचारता येईल. मात्र इथल्या क्लिनाईतना सांगूनच करा.

घरच्यांनी काय करावं

समोर बसून, तोंड दिसेल असं बोला. टीव्ही बंद करा. एका वेळी एकच गोष्ट विचारा, "चहा की कॉफी?" अशी. उत्तराला दहा सेकंद थांबा आणि त्यांचं वाक्य आपण पुरं करू नका. कळलं नाही तर तेच शब्द ओरडून न सांगता वेगळ्या शब्दांत सांगा.

मोठ्यांनीही एक करावं. ऐकू आलं नसताना मान डोलावू नका. डॉक्टरसमोर तर मुळीच नाही. सरळ म्हणा, "ले-अत, बे-वकाशा", हळू बोला. लिहून मागा. औषधाची गोळी सकाळी की रात्री, एवढ्यावर खूप काही अवलंबून असतं.