पालवीचा रंग आणि कॅमेरा : पुण्यातील पर्णबागेचे वर्ष

सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहरातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचलेले आहे. १७०० मध्ये पूर्ण झालेल्या त्या मूळ बागेत नोव्हेंबरात मेपल लाल होतात आणि छायाचित्रकारांची रीघ लागते. पुण्यातल्या बागेत पाणी, दगड, हिरवळ, उंचसखलपणा सारे त्या वळणाचे आहे. नोव्हेंबर मात्र हिरवाच असतो. पर्णबागेच्या छायाचित्रणाविषयीची बहुतेक पुस्तके समशीतोष्ण कटिबंधात लिहिली गेली आणि त्यांनी 'पानांचा रंग म्हणजे शरद' हे समीकरण आपल्या माथी मारले. पुण्यात ते चालत नाही. येथे पानाचा रंग प्रामुख्याने जन्माचा असतो, मरणाचा नव्हे. म्हणून आपल्या छायाचित्रणाचे वर्ष माघ-फाल्गुनातल्या पालवीपासून मोजले पाहिजे.

यामागचे कारण शरीरशास्त्रीय आहे. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागले की पानातले हरितद्रव्य मोडते, आधीपासून असलेली पिवळी कॅरोटिनॉइडे उघडी पडतात आणि अनेक जातींत अँथोसायनिन हे लाल द्रव्य नव्याने तयार होते. आपल्याकडे हेच लाल द्रव्य कोवळ्या पानात भरते. त्या पानाची प्रकाश पचवण्याची यंत्रणा अपुरी असते. प्रखर उन्हापासून आणि काही अंशी पाने खाणाऱ्या किड्यांपासून अँथोसायनिन त्याचा बचाव करते, असे मानले जाते. कुसुंबाची पालवी रक्तवर्णी, पिंपळाची तांबूस गुलाबी, आंब्याची जांभळट तपकिरी असते. सीता अशोकाची कोवळी पाने तर झुपक्यांनी खाली लोंबतात, त्यामुळे दुपारचे ऊन त्यांच्यावर थेट पडत नाही. अपवादही आहेत. देशी बदाम हिवाळ्यात गळण्यापूर्वी लालभडक होतो. क्रोटनची तऱ्हा आणखी वेगळी: त्याचे कोवळे पान बहुधा हिरवे-पिवळे, आणि ते जून होताना, भरपूर उजेड मिळाला तर, लाली चढते. एकाच वाफ्यात पालवी फुटलेला आंबा आणि क्रोटन असतील, तर रंगाच्या दोन उलट दिशा एका चौकटीत मिळतात.

कोवळे पान पातळ असते, त्यातून प्रकाश आरपार जातो. म्हणून पालवी समोरच्या उजेडात टिपू नये. सूर्य पानामागे, किंचित बाजूला ठेवावा. सकाळी सूर्य क्षितिजापासून फार वर चढलेला नसतो तेव्हा शिरांचे जाळे उजळते. मात्र लाल रंग कॅमेऱ्याला फसवतो. सरासरी प्रकाशमापन बरोबर दिसत असूनही लाल वाहिनी भरून वाहते आणि कुसुंबाचे पान सपाट डागासारखे उमटते. एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी एक्स्पोजर द्यावे, तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा पाहावा आणि फाइल रॉ स्वरूपात ठेवावी. ही संधी फार टिकत नाही, थोड्याच दिवसांत पान हिरवे होते.

एप्रिल-मेचे छायाचित्रण बहुतेकांना नकोसे वाटते, आणि दुपारपुरते ते खरेच आहे. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. आडवी पाने वरून पांढरी पडतात, खालची काळोखात जातात. अशा वेळी झाडाखाली उभे राहून वर पाहावे. २१ डिसेंबरला हाच मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४८ अंशांवर असतो. तेव्हा भर दुपारीही पानाचा पोत तिरप्या उजेडात उठून दिसतो.

पावसाळा हा हिरव्याचा खरा काळ. कॅलेडियमचे कंद कोंब धरतात, कोलियस दाटतो, एम्प्रेस गार्डनमधल्या जुन्या झाडांखालची सावली गडद होते. ढगाळ उजेड मऊ असला तरी ओल्या पानावर आकाशाची चकाकी पांढरी बसते आणि हिरवा रंग धुऊन काढते. त्यावर उपाय पोलरायझर. पानाच्या लंबाशी सुमारे ५५ अंशांचा कोन साधला तर चकाकी सर्वांत जास्त तुटते. त्याची किंमत म्हणून एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो. वाऱ्यात हे महाग पडते, तेव्हा आयएसओ वाढवावा, शटर मंद करू नये. माझ्या मते चकाकी पूर्ण काढूही नये, थोडी राहिली तर पान ओले असल्याचे कळते. दाट झाडीखालचा उजेड स्वतःच हिरवट असतो, त्यामुळे व्हाइट बॅलन्ससाठी करड्या रंगाचे कार्ड त्याच सावलीत धरावे.

सुंदर चित्र आणि ऋतूची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदीसाठी जागा, उंची, फोकल लेंथ आणि वेळ कायम हवी. नाहीतर बदल झाडात झाला की छायाचित्रकारात, हे सांगता येत नाही. सीझनवॉच या भारतीय उपक्रमात नागरिक एकाच झाडाची दर आठवड्याला पालवी, फुले, फळे नोंदवतात. छायाचित्रकाराने ही शिस्त उचलावी. शेजारी उभे असलेले दोन पिंपळही पालवीत काही आठवडे मागेपुढे असू शकतात, म्हणून 'पिंपळ' एवढी नोंद पुरत नाही, 'हा पिंपळ' असे लिहावे लागते.

येत्या माघात आपल्या सोसायटीतले किंवा जवळच्या बागेतले एक झाड निवडा, उभे राहण्याच्या जागेवर खूण करा आणि प्रत्येक चित्रासोबत तारीख व वेळ लिहून ठेवा.