सांगड, गलबत आणि गुराब : उल्हास खोऱ्यांतील वेगवान नौकांविषयीं शब्दांची साक्ष

१

उल्हास नदी बदलापुरावरून वाहत येऊन कल्याणपाशीं खाडीस मिळते. जिच्या कांठीं अंबरनाथचें शिवालय उभें आहे ती वालधुनी उल्हासनगरांतून जाऊन त्याच खाडींत उतरते. कल्याणच्या लष्करी छावणींत वसविलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस ८ ऑगस्ट १९४९ रोजीं उल्हासनगर हें नांव मिळालें, तेंही या नदीवरूनच घेतलेलें आहे. या खोऱ्याचें नांव काढतांच आज कारखाने व गजबजलेलीं रेल्वे-स्थानकें डोळ्यांपुढें येतात. परंतु सतराव्या शतकांत याच जलमार्गावर मराठ्यांच्या पहिल्या लढाऊ नावा तयार झाल्या, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे.

ती सांगतांना बहुधा एक वाक्य जोडलें जातें : नौकाबांधणीची ही विद्या मराठ्यांनीं फिरंग्यांपासून घेतली. कागदोपत्रीं पुरावा पाहिला तर या वाक्यास कांहीं आधार आहे. पण तो पुरावा लिहिणारे फिरंगीच होते. वाकस चालविणारा सुतार आणि वल्हें मारणारा कोळी यांनीं लिहून कांहीं ठेविलें नाहीं. त्यांनीं मागें ठेविले ते शब्द. त्या शब्दांची साक्ष काढल्यास वरील वाक्य कितपत टिकतें, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

या खाडीचा समुद्राशीं संबंध फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो. सहाव्या शतकांतील कॉस्मस या ग्रंथकारानें कल्याणहून निर्यात होणाऱ्या मालांत पितळ आणि कापड यांबरोबर शिसवी लाकडाचे सोटही सांगितले आहेत. म्हणजे वरच्या जंगलांतील लाकूड खाडींत उतरविण्याचा क्रम शिवकालाच्या हजार वर्षें आधीं चालू होता. अंबरनाथच्या देवालयांतील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा असून तो उत्तर कोंकणच्या शिलाहार राजा माम्वाणि याच्या काळचा आहे. हें घराणें समुद्रावर लढणारें होतें. तेराव्या शतकांत शिलाहार सोमेश्वर हा देवगिरीच्या यादव महादेवाशीं लढतांना समुद्रांत नाश पावला. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर वल्हीं मारणाऱ्या लांबट युद्धनौकांच्या रांगा कोरलेल्या आहेत. त्या वीरगळांचा संबंध कांहीं अभ्यासक याच युद्धाशीं जोडतात.

लांबट, हलकी, वल्ह्यांनीं चालणारी युद्धनौका पोर्तुगीज येण्यापूर्वीं या किनाऱ्यावर होती, याविषयीं हे दगडच बोलतात. आतां शब्दांकडे वळूं.

३

पहिला शब्द 'सांगड'. 'सांगड घालणें' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतों, पण त्याच्या पोटांत नाव आहे हें सहसा ध्यानांत येत नाहीं. दोन होड्या शेजारीं ठेवून आडव्या लाकडांनीं एकत्र जखडल्या म्हणजे जें वाहन होतें तें सांगड. शब्दाचें मूळ संस्कृत 'संघाट', म्हणजे लाकडांची जोडणी. पालींत 'नावासंघाट' असा समास आहे आणि प्राकृतांत 'संघाड' म्हणजे जोडी. 'अंगविज्जा' या प्राकृत ग्रंथांत नौकांच्या प्रकारांत 'संघाड' हें नांव स्वतंत्रपणें गणलेलें आहे. 'पेरिप्लस'मध्यें पूर्व किनाऱ्यावरील 'सांगर' नांवाच्या नौकांचें वर्णन येतें. एका खोडाचीं मोठीं होडकीं एकत्र बांधून त्या केलेल्या असत. झ्यूल ब्लॉक यांनीं मराठी भाषेच्या घडणीवरील आपल्या १९२० च्या ग्रंथांत या 'सांगर'शीं मराठी 'सांगड' आणि तमिळ 'शंगडम्' यांची तुलना केली आहे. सिंहलींतही याच कुळांतील शब्द जोडनावेस लावतात. मल्याळमांतील रूप पोर्तुगीजांनीं 'जंगाद' म्हणून उचललें आणि ब्राझीलपर्यंत नेलें. तेथील कोळ्यांचा तराफा आजही त्याच नांवानें ओळखला जातो.

येथें एक विपर्यास नोंदण्यासारखा आहे. जगभर जोडनावेस आज 'कटमरान' म्हणतात. तो शब्द तमिळ 'कट्टुमरम्', म्हणजे बांधलेलें लाकूड. पण मूळ कट्टुमरम् ही जोडनाव नव्हे. ते तीन-चार ओंडके एकत्र बांधून केलेलें मासेमारीचें तरतें साधन आहे. इंग्रजींत शिरल्यावर त्या शब्दाचा अर्थ दोन अंगांच्या नावेकडे सरकला. १८७६ सालीं अमेरिकेंत नथॅनिएल हेरेशॉफ यानें 'अमॅरिलिस' नांवाची अशी शिडाची नाव बांधली. न्यूयॉर्कच्या शर्यतींत ती इतरांस इतकी मागें टाकून गेली कीं पुढें तशा नावांस शर्यतींतून वगळण्यांत आलें. तिच्या वेगाचें कारण सरळ आहे. नावेचें अंग जितकें अरुंद, तितकें तें पाण्यांत लाटा कमी उठवितें आणि पुढें जाण्यास जोर कमी लागतो. पण एकटें अरुंद अंग कलंडतें. दोन अरुंद अंगें परस्परांपासून दूर ठेवून जोडलीं म्हणजे तळांत भार न घालतांही तोल राहतो. आतां शिडाच्या जागीं यंत्र आलें आहे, आणि मुंबईच्या गेटवेपासून मांडव्यास जाणाऱ्या यांत्रिक कटमरान याच तत्त्वावर चालतात. त्यांना नेमका शोभणारा शब्द कट्टुमरम् नसून सांगड हा होय, आणि तो मराठींत तयार होता.

४

दुसरा शब्द पोर्तुगीज कागदांतील 'सांग्विसेल'. लढाईच्या लहान, चपळ वल्हेनावेस ते हें नांव देत. इतिहासकार कोतु सांगतो कीं, १५९८ सालीं व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द गाम यानें वसईस आज्ञा पाठवून अत्यंत हलक्या सहा सांग्विसेल सज्ज करविल्या. कारणही तो देतो : मोठीं आरमारें व्यापारी तांड्यांच्या रक्षणास निरुपयोगी ठरत होतीं. मलबारी नावा हलक्या घोडदळाप्रमाणें येत आणि निसटून जात. त्यांना गांठणें तशाच हलक्या नावांस शक्य होतें. वसई ही उल्हास खाडीच्या मुखाशीं आहे. म्हणजे या जलमार्गावर वेगवान नाव सज्ज करण्याचा जो फिरंगी हुकूम आपणांस ठाऊक आहे, तोच एतद्देशीय नावेच्या अनुकरणाचा हुकूम आहे.

शब्दाची व्युत्पत्तिही तिकडेच बोट दाखविते. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशांत हें नांव पोर्तुगीजांच्या 'सांग्विसेर' या स्थलनामाशीं, म्हणजे आपल्या संगमेश्वराशीं, जोडण्याची सूचना आहे. शेवटच्या रकाराचा लकार होणें हें पोर्तुगीजांत अशक्य नाहीं. हा शब्द 'सांगड'वरून काढण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. 'सांगड'च्या डकारापासून 'सांग्विसेल'मधील सकार निघूं शकत नाहीं; दोन शब्दांचा आरंभ सारखा दिसतो, एवढाच योगायोग.

ऑक्टोबर १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारांत शहाजीच्या पुत्रानें भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथें लढाऊ नावा बांधविल्याची व त्या समुद्रावर येऊं न देण्याची चिंता व्यक्त झाली आहे. रुय लैतांव व्हिएगश आणि फेर्नांव लैतांव व्हिएगश हे पोर्तुगीज कारागीर या कामावर होते. वसईच्या अधिकाऱ्यांनीं त्यांचें मन वळविल्यावर ते काम टाकून निघून गेले. उसन्या विद्येचा सिद्धान्त ज्यावर उभा आहे तो मुख्य पुरावा हा. पण त्याचाच उत्तरार्ध त्या सिद्धान्तास अडचणीचा आहे : उस्ताद गेले आणि आरमार वाढतच राहिलें. काम जाणणारे हात येथें आधींच नसते तर असें घडलें नसतें.

५

त्या आरमारांतील मुख्य दोन नावा गुराब आणि गलबत. यांच्या बांधणीचें तपशीलवार वर्णन रॉबर्ट ऑर्म यानें अठराव्या शतकांत आंग्र्यांच्या आरमाराविषयीं लिहितांना केलें आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणें गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित् तीन. दोन काठ्यांची गुराब १५० टनांपर्यंत, तीन काठ्यांची ३०० टनांच्या आसपास. तळ उथळ, मध्य रुंद आणि पुढचा भाग निमुळता होत जाऊन चोंचीसारखा बाहेर आलेला. त्या चोंचीवरील फळ्यांस कठडा नसे, म्हणून अंगावर आलेली लाट तशीच वाहून जाई. पुढच्या आडभिंतीस भोंकें ठेवून त्यांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा समोर डागीत.

गलबत याहून लहान, सहसा ७० टनांच्या आंतील. काठ्या दोन, त्यांपैकीं मागची बारीक. मोठ्या काठीवर एकच भलें थोरलें त्रिकोणी शीड. हलक्या गलबताचा वरचा तळ चिरलेल्या बांबूंचा असे, म्हणजे वजन वाचे. चाळीस ते पन्नास वल्हीं लावून तें तासास चार मैल चाले. वारा पडला कीं गलबतें गुराबेस दोरानें ओढून शत्रूच्या मागील बाजूस नेऊन उभीं करीत. तेथें मोठ्या जहाजाच्या तोफा थोड्या असत.

गुराब हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ कावळा. गलबताविषयीं मतभेद आहे. कोणी तें पोर्तुगीज 'गालियोत'वरून काढतात, कोणी अरबी 'जल्बा'वरून. मला दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो; कारण 'गालियोत'पासून निघालें असें मानल्यास मराठी रूपांतील बकार कोठून आला हें सांगतां येत नाहीं, 'जल्बा'मध्यें तो मूळचाच आहे, आणि अरबीच्या कांहीं बोलींत जकाराचा उच्चार गकारासारखा होतो.

६

नावेच्या अंगोपांगांचीं नांवें पाहिलीं तर हेंच चित्र स्पष्ट होतें. नाळ, पठाण, डोलकाठी, शीड, वल्हें, तांडेल हे शब्द देशी वळणाचे. सुकाणूं आणि खलाशी अरबी. नाखवा आणि सारंग फारसी. म्हणजे सांगाडा देशी आणि दूरच्या सफरीचा व्यवहार अरबी-फारसी, असा हा थर आहे. पोर्तुगीज थर पातळ आहे. फटी बुजविणाऱ्या कारागिरास खलाशांच्या हिंदुस्तानींत 'कालापत्ती' म्हणतात. तो बहुधा पोर्तुगीज 'कालाफात'. दुसरा ठळक शब्द 'फरगात', म्हणजे 'फ्रागात'.

हा दुसरा शब्द कोठें येतो तें पाहण्यासारखें आहे. १७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमाराचें एक प्रकरण आहे. गुराबा फार थोर नव्हेत, फार लहान नव्हेत, अशा मध्यम रीतीच्या सजवाव्या, गलबतेंही तशींच करावीं, असा त्याचा आशय आहे. आणि वाऱ्यावांचून जीं उपयोगीं पडत नाहींत अशा थोर बरशा व फरगाती करण्याचें प्रयोजन नाहीं, असें त्यांत बजाविलें आहे. नावेचें पोर्तुगीज नांव येथें आलें तें स्वीकारासाठीं नव्हे, नकारासाठीं. ज्यांनीं हें लिहिलें त्यांस फिरंगी जहाज ठाऊक होतें. आपली खाडी, आपला वारा आणि आपली लढाई पाहून त्यांनीं तें सोडून दिलें. याच प्रकरणांत सागवान परवानगीनें तोडावें आणि आंबा-फणसास हात लावूं नये, अशीही आज्ञा आहे.

७

तात्पर्य, विद्या फिरंग्यांपासून घेतली हें वाक्य अर्धें खरें आहे. या खाडीवर देवघेव दोन्ही बाजूंनीं झाली : वसईकरांनीं देशी चपळ नाव उचलली, कल्याणकरांनीं फिरंगी उस्ताद कामास लावले, आणि दोघांच्याही आधीं अरबी नाखवे येथें येऊन गेले होते. कागदांत यांपैकीं एकच बाजू टिकली. दुसरी शब्दांत टिकली.

पण शब्दही कायमचे टिकत नाहींत. २०१६ च्या कायद्यानें कल्याण–ठाणें–मुंबई हा मार्ग, वसईची खाडी व उल्हास नदी यांसह, राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला आहे. त्यावर यांत्रिक नावा येतील तेव्हां त्यांचे भाग बाहेरून येतील आणि नांवेंही बाहेरूनच. त्यापूर्वीं खाडीकांठच्या कोळी-आगरी वस्त्यांत व होड्या दुरुस्त करणाऱ्या सुतारांकडे बसून, नावेचा एकेक भाग दाखवीत त्याचें नांव, उच्चार आणि उपयोग टिपून घेणें हें आपल्या विभागाचें काम आहे. लांकडी होडीच्या जागीं फायबरची होडी आली कीं ज्या भागांची गरज संपते, त्यांचीं नांवें एका पिढींत विसरलीं जातात. मोल्सवर्थच्या कोशानें गेल्या शतकाआधींचे असे कित्येक शब्द वांचविले. त्यांची आजच्या तोंडच्या शब्दांशीं ताडणी अद्याप व्हावयाची आहे. ती झाली तर प्रस्तुत लेखांतील कांहीं व्युत्पत्ति बदलाव्या लागतील, आणि तसें होणें इष्टच आहे.