पाबळची प्रयोगशाळा

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव इतिहासाच्या वाचकाला ठाऊक असते ते मस्तानीच्या समाधीमुळे. मुलूख पर्जन्यछायेतील, पाऊस थोडा आणि बेभरवशाचा, मातीच्या पातळ थराखाली काळा कातळ, आणि विहिरीला पाणी लागेल की नाही ही चिंता शेतकऱ्याच्या पाचवीला पुजलेली. अशा या गावी १९८३ साली एक शास्त्रज्ञ सपत्नीक राहावयास आला, आणि शाळकरी मुलांच्या हातून विज्ञानाचे प्रयोग करवून घेण्याच्या कार्याला तेथे एक निराळे वळण लागले. या शास्त्रज्ञाचे नाव डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग.

मुलांनी स्वतंत्रपणे प्रयोग करावेत ही कल्पना त्या वेळी नवी नव्हती. अमेरिकेत विज्ञानातील बुद्धिमान विद्यार्थी हुडकून काढणारी वार्षिक स्पर्धा १९४२ साली सुरू झाली. भारतात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ साली विज्ञानप्रतिभा शोधण्याची योजना हाती घेतली आणि लेखी परीक्षेच्या जोडीला विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवालही मागितला. शाळाशाळांतून विज्ञान-प्रदर्शने भरू लागली. या सर्व उपक्रमांचे मोल थोडे नाही. परंतु प्रदर्शनाच्या मेजावर धुमसणारा ज्वालामुखी पाहताना चाणाक्ष परीक्षकाच्या मनात एक शंका डोकावतेच : यात मुलाचा हात किती आणि वडिलांचा किती? त्याहूनही अवघड प्रश्न पुढचा आहे. बक्षीस मिळाले, टाळ्या झाल्या, प्रतिकृती कपाटात गेली. आता त्या प्रयोगाच्या उत्तराची वाट पाहणारे कोणी आहे काय?

या प्रश्नाच्या उत्तराकडे जाणारी एक जुनी वाट महाराष्ट्रातच होती. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शेती व आरोग्य यांच्या प्राथमिक ज्ञानाला प्राथमिक शिक्षणात स्थान मागितले होते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या उद्योगातून सर्व शिक्षण द्यावे हा विचार मांडला, आणि नयी तालीम जन्मास आली. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानेही कार्यानुभवाची शिफारस केली. तथापि विचार मोठा असूनही व्यवहारात तो आक्रसत गेला. ‘कार्यानुभव’ हा वेळापत्रकातील एक तास झाला, आणि कागदी फुले करून तो साजरा होऊ लागला. हाताने काम करणारा खालचा व पुस्तक वाचणारा वरचा, ही जातिव्यवस्थेने मुरवलेली समजूत शाळेच्या उंबऱ्याबाहेर राहिली नाही.

कलबाग हे अन्नतंत्रज्ञ होते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते स्वदेशी परतले आणि पुढे मुंबईस हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९८२ साली त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती पत्करली. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या आश्रयाने त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम स्थापन केला. त्यांच्या विचाराचे सूत्र साधे होते. लहान मूल चालावयास शिकते, बोलावयास शिकते, ते व्याख्यान ऐकून नव्हे, तर करता करता. शिकण्याची ही निसर्गदत्त रीत शाळेत शिरताच का मोडावी? गांधीजींच्या विचारातील चरख्याच्या जागी त्यांनी गावाला त्या काळी लागणारे तंत्रज्ञान ठेवले, इतकाच काय तो फरक.

त्यातून आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम सिद्ध झाला. आठवड्यातील एक दिवस मुले-मुली हाताने काम करीत. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशी त्याची चार अंगे होती. मुले लोखंड जोडीत, सुतारकाम करीत, तारेच्या जाळीवर सिमेंटचा पातळ थर देऊन पाण्याच्या टाक्या बांधीत, माती तपासीत, रक्तातील हिमोग्लोबिन मोजीत. मुलगे सुतारकामाला व मुली स्वयंपाकाला अशी वाटणी येथे नव्हती. शिकवावयास गावातीलच कसबी माणसे घेतली जात. राज्याच्या माध्यमिक शालान्त मंडळाने या अभ्यासक्रमाला विषय म्हणून मान्यता दिली, हे त्याचे मोठे यश होय.

या पद्धतीचे मर्म एका उदाहरणावरून नेमके ध्यानात येते. भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेण्यासाठी जमिनीत चार सळया एका रेषेत ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडतात आणि आतल्या दोहोंमधील विद्युत्‌दाब मोजतात. दाबाला प्रवाहाने भागले की रोध निघतो. सळयांतील अंतर वाढवीत नेले की अधिकाधिक खोलीची वार्ता कळू लागते. अखंड कातळ विजेला मोठा रोध करतो. भेगाळलेला, पाणी मुरलेला खडक कमी करतो. पुस्तकातला ओहमचा नियम तो हाच. मात्र पुस्तकात उत्तर चुकले तर एक गुण जातो. येथे बांधावर शेतकरी उभा असतो आणि विहीर कोठे खणावी हे त्या आकड्यांवरून ठरावयाचे असते. आकडा चुकला तर त्याचे पैसे आणि घाम दोन्ही कातळात जातात. म्हणून मूल पुन्हा मोजते, सळई नीट बसली की नाही ते पाहते, जोडीदाराचा आकडा पडताळते. काटेकोरपणावर दहा व्याख्याने देऊन जे साधत नाही, ते बांधावरच्या त्या एका माणसाच्या नजरेने साधते.

येथे मार्गदर्शकाची भूमिकाही पालटते. उत्तर आधीच ठाऊक असलेला गुरू प्रयोग ‘बसवून’ देऊ शकतो; जमिनीच्या पोटात काय आहे हे मात्र गुरूलाही दिसत नसते. त्याने साधन कसे धरावे ते दाखवावे, धोका कोठे आहे ते सांगावे आणि मग हात मागे घ्यावा. विद्यार्थ्याच्या हातचे काम हिसकावून स्वतः पुरे करण्याचा मोह आवरणे हीच त्याची कसोटी. गावाला दिलेल्या सेवेचा मोबदला घ्यावा, असेही कलबागांच्या पद्धतीत होते. दया म्हणून वाखाणलेल्या कामात उणिवा खपून जातात. पैसे मोजणारा माणूस त्या खपवून घेत नाही.

या प्रयोगाला मर्यादा नव्हत्या असे नाही. अवजारे, साहित्य आणि कसबी शिक्षक यांचा खर्च प्रत्येक शाळेला झेपत नाही. ‘पोराला शाळेत घातले ते घमेले उचलायला काय?’ असा प्रश्न करणाऱ्या पालकाचे दुःखही खोटे नसते. ज्यांच्या पिढ्या घमेली उचलण्यात गेल्या, त्यांना पुस्तक हीच सुटका वाटते. त्यांना पटेल असे उत्तर एकच : घमेले उचलणाऱ्याला मिश्रणाचे प्रमाण आणि त्यामागचे कारणही कळले, तर तो नुसता मजूर राहत नाही.

१९९३ पासून भरू लागलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने दहा ते सतरा वर्षांच्या मुलांना आपल्याच परिसरातील प्रश्न अभ्यासावयास सांगितले, तेव्हा तोच विचार देशभर निराळ्या रूपाने प्रकट झाला. २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या साहाय्याने संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा पाबळला उभी राहिली. अमेरिकेबाहेरील अशा अगदी पहिल्या कार्यशाळांत तिची गणना होते. पुढच्याच वर्षी कलबाग निवर्तले. त्यांच्या पश्चात आश्रमाचे काम चालू राहिले.

मुलाच्या विज्ञान-प्रकल्पाचे मोल ठरविण्यास परीक्षक लागतातच. पाबळने एवढेच दाखवून दिले की, त्या परीक्षकांत एखादा तहानलेला शेतकरीही असावा.