नाळेवरील शीड

गलबताचा विषय निघाला म्हणजे लोकांचें लक्ष प्रथम तोफांकडे जातें, नंतर डोलकाठीकडे आणि फार तर सुकाणूकडे. परंतु नौकेचा तोल व दिशा राखण्यांत सुकाणूच्या जोडीनें राबणारें आणखी एक साधन असतें. तें म्हणजे नाळेवरील, अर्थात् नौकेच्या पुढच्या टोंकाकडील शीड. हें शीड जीर्ण झालें म्हणजे त्याच्या जागीं कोणतें नवें चढवावें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. पण त्याच्या उत्तरावर कित्येकदां माणसांचे प्राण अवलंबून राहिले आहेत.

तुंगारेश्वराच्या डोंगरापायथ्याचें गोखिवरें आज वसई-विरार महानगरांत मिसळून गेलें आहे. तरीही त्याच्या पूर्वेस रान आणि दक्षिण-पश्चिमेस वसईची खाडी, किल्ला व समुद्र, ही भूमीची जुनी मांडणी अद्याप ओळखूं येते. लाकूड आणि पाणी जेथें इतकीं जवळ नांदतात, तेथें नौकाविद्या रुजावी यांत नवल नाहीं. पोर्तुगीज अमदानींत वसईस जहाजें बांधलीं जात. 1739 च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली आणि पुढें पेशव्यांच्या आरमाराचें एक ठाणें येथेंच झालें.

त्या काळच्या मराठी आरमारांतील गुराबा व गलबतें कशीं असत, याचें वर्णन इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें करून ठेविलें आहे. गलबत फार तर सत्तर टनांचें, डोलकाठ्या दोन. मुख्य काठीवर एकच, पण प्रचंड त्रिकोणी शीड. तें चढविलें म्हणजे त्याचें टोंक काठीच्याही पुष्कळ वर जाई. वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्हीं हाताशीं असत. या शिडाची खुबी अशी कीं, त्याचा पुढचा कोपरा डोलकाठी ओलांडून थेट नाळेकडे झुके. म्हणजे युरोपीय नौका ज्या कामासाठीं एक स्वतंत्र शीड लावीत, तें काम आमच्या दर्यावर्दींचें मुख्य शीडच अंशतः उरकून घेई.

मात्र या सोयीचें मोल द्यावें लागे. वाऱ्याची बाजू बदलली कीं लांबलचक तिरप्या वाशासह संपूर्ण शीड डोलकाठीच्या पलीकडे न्यावें लागे आणि त्यांत बऱ्याच खलाशांची दमछाक होई. वादळी वाऱ्यांत तें आखडणेंही कठीण. म्हणून या जातीच्या नौकांवर लहानमोठीं दोन-तीन शिडें बाळगण्याची रीत होती. वारा वाढला कीं मोठें उतरवून लहान चढवावयाचें. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यांत पहांटे जमिनीकडून मतलई वारा हलकेच सुटतो आणि दुपारीं समुद्राकडून खारा वारा जोर धरतो. जें शीड सकाळीं पुरेसें वाटे, तेंच तिसऱ्या प्रहरीं जड होई.

युरोपांत निराळा मार्ग निघाला. डोलकाठीपासून नाळेपर्यंत ताणलेल्या दोरावर छोटें त्रिकोणी शीड लावण्याची पद्धत डच लोकांच्या लहान नौकांवर रूढ होती. अठराव्या शतकाच्या आरंभीं ती इंग्रज आरमारांतील मोठ्या जहाजांवरही आली. हेंच जिब. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत स्वेन सालेन या स्वीडिश नाविकानें जिनोआ येथील शर्यतींत हें शीड इतकें वाढविलें कीं, तें डोलकाठीच्याही मागें पोंचलें. त्या शहरावरून तें जेनोआ म्हणून ओळखलें जाऊं लागलें. मंद वाऱ्यांत त्याला तोड नाहीं. तथापि वारा चढला कीं तेंच नौकेस एका अंगावर कलंडवितें. आणि गुंडाळून लहान केलें तरी त्याचा घाट बिघडून तें फुगतें व पूर्वीसारखें ओढत नाहीं.

कापडाचीही कथा अशीच आहे. ज्या जाड्याभरड्या सुती कापडास इंग्रजींत ‘डंगरी’ म्हणतात, त्याचें नांव मुंबईच्या डोंगरी भागावरून पडलें असें सांगतात. त्याचीं शिडें व तंबू होत. सूत भिजलें कीं जड होतें आणि ओलें गुंडाळून ठेविलें तर कुजतें. 1950 नंतर पॉलिएस्टरचें कापड आलें. तें कुजत नाहीं, ताणलें तरी फारसें सैलावत नाहीं. परंतु उन्हानें मात्र तेंही हळूहळू दुबळें होतें.

लहान नौकेस काय साजतें, याचा सर्वांत बोलका दाखला मुंबईनेंच दिला आहे. 1960 नंतरच्या दशकांत मुंबईच्या सुतारांनीं हातहत्यारांनीं सागवानी ‘सुहेली’ बांधली. लांबी अवघी बत्तीस फूट. डोलकाठ्या दोन, पुढची मोठी व मागची लहान, जणूं जुन्या गलबताचीच नात. तिच्यांतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यानें 14 जून 1968 ते 22 एप्रिल 1969 असे 312 दिवस कोठेंही न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. शर्यतींत नऊजण निघाले. पोंचला तो एकटाच. वाटेंत नौका आपोआप वळणावर ठेवणारें यंत्र मोडलें, तेव्हां त्यानें पुढच्या-मागच्या शिडांचा मेळ असा घातला कीं, सुकाणूवर हात नसतांही ‘सुहेली’ आपली वाट धरून चालली. पुढें 2009-10 मध्यें दिलीप दोंदे यांनीं गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळविला; त्यांच्या तयारींत नॉक्स-जॉन्स्टन यांचेंही मार्गदर्शन होतें.

नवें शीड निवडतांना मोठें कोणतें, हें विचारण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या लागतात : त्या किनाऱ्यावर वारा बहुधा किती वाहतो, तें शीड चढविण्या-उतरविण्यास नौकेवर किती हात आहेत, आणि मागच्या शिडाशीं त्याचा तोल जमतो कीं नाहीं. वेगासाठीं घेतलेलें शीड शर्यत जिंकून देईल. परंतु अंधाऱ्या रात्रीं वारा अचानक वाढल्यावर एका माणसाच्या हातीं आवरेल तेंच शीड त्याला घरीं पोंचवितें. वसईच्या खाडींत मोठें शीड उतरवून लहान चढविणाऱ्या खलाशांस ही गोष्ट ग्रंथ न वाचतां ठाऊक होती.