संतोष ट्रॉफीत हदगाव कुणाकडून खेळलं?

मंडळी, या शनिवारी क्रिकेटला सुट्टी. आज फुटबॉल, आणि तेही संतोष ट्रॉफी. प्रीमियर लीगवाल्यांनी लगेच पळू नये :)

संतोष ट्रॉफी म्हणजे फुटबॉलची रणजी. राज्यांचे संघ, शिवाय रेल्वे आणि सेनादल. सुरुवात १९४१ साली कलकत्त्यात. नावातला संतोष म्हणजे समाधान नव्हे, ती आज बांगलादेशात असलेली एक जमीनदारी. तिथले महाराज मन्मथनाथ रायचौधरी यांच्या स्मरणार्थ ही ट्रॉफी. पहिल्या वर्षी बंगाल जिंकलं आणि २०२४ पर्यंत त्यांची ३३ विजेतेपदं झाली.

पण मला बंगालपेक्षा हैदराबादमध्ये जास्त रस आहे, कारण माझं गाव हदगाव. आमच्या घरी जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत, यात सगळं आलं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, तरी हैदराबाद राज्य आणखी ८ वर्षं टिकलं आणि नांदेड जिल्हा त्यातच होता. याच काळात हैदराबादचं फुटबॉल जोरात होतं. १९४९ आणि १९५० अशा लागोपाठ दोन फायनल ते बंगालशी हरले. पण तिकडे मुंबईत, गोऱ्या पलटणींनी १८९१ पासून गाजवलेला रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग पाच वेळा उचलून नेला. त्यांचे कोच सय्यद अब्दुल रहीम. 'मैदान' सिनेमातले अजय देवगण, तेच.

आता गंमत बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि नांदेड मुंबई राज्यात आलं. तालुक्यांचीही अदलाबदल झाली, किनवट आदिलाबादकडून नांदेडला आणि मुधोळ नांदेडकडून आदिलाबादला. आणि त्याच मोसमाच्या संतोष ट्रॉफीची फायनल कुणात? हैदराबाद विरुद्ध मुंबई! जिंकलं हैदराबाद. पुढच्या वर्षी पुन्हा तीच फायनल, पुन्हा हैदराबाद. म्हणजे कागदोपत्री हदगाव दोन्ही वेळा हरलं. प्रांतरचना दोन वर्षं लांबली असती तर दोन्ही वेळा जिंकलं असतं.

आजोबांना एकदा विचारलं होतं, तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूनं होता? म्हणाले, "हैदराबादच की. मुंबई पाह्यली होती कोनं?"

तुम्ही म्हणाल, राज्यच उरलं नव्हतं तर संघ कसा खेळला? कारण संघ सरकारचा नसतो, फुटबॉल असोसिएशनचा असतो. राज्याचं रेकॉर्ड डिलीट झालं, पण टीमची रो दुसऱ्या टेबलात तशीच राहिली. पुढे तिथले खेळाडू आंध्र प्रदेश म्हणून उतरू लागले. १९६३ च्या मोसमात महाराष्ट्रानं त्याच आंध्रला फायनलमध्ये १-० हरवलं. १९५४ च्या मुंबईच्या विजेतेपदानंतर हे आपलं दुसरं.

फॉरमॅटचंही असंच. फायनल बरोबरीत सुटली तर काय करायचं, या एका 'इफ-एल्स'ची उत्तरं बघा. १९५६ ची फायनल बरोबरीत सुटली, तर सरळ पुन्हा खेळवली. १९८२ च्या मोसमात बंगाल आणि गोवा दोन्ही वेळा ०-० राहिले, तर ट्रॉफी दोघांत वाटून दिली (अप्रेझलमध्ये सगळ्यांना सारखंच रेटिंग देतात ना, तसं). आणि २०२२ मध्ये मंजेरीला केरळनं बंगालला पेनल्टीवर हरवलं. मला विचाराल तर पहिलीच पद्धत सगळ्यात प्रामाणिक, पण इतका वेळ आता कुणाकडे आहे?

२०२३ मध्ये तर कर्नाटक-मेघालय फायनल थेट रियाधला नेली. बंगळूर किंवा शिलाँगच्या साध्या प्रेक्षकानं ती बघायला सौदीला कसं जायचं, हे मला आजही कळलेलं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये अंतिम फेरी हैदराबादला झाली. १२ संघ, ६-६ चे दोन गट, प्रत्येक गटातले चार पुढे. हिशेब केला तर ३० साखळी सामने खेळून बाहेर जाणार फक्त चार संघ! ३१ डिसेंबरच्या फायनलमध्ये रॉबी हांसदाच्या गोलवर बंगालनं केरळला १-० हरवलं.

त्या १२ संघांत तेलंगण होतं. महाराष्ट्र नव्हता.