बाणाची शेंबी

महाड-पोलादपूरकडच्या गावांत बांबू कसा फुटतो हे कुणाला सांगावं लागत नाही. कोयता तोंडाशी नीट बसला की चीर आपसूक खाली धावते, कारण बांबूचे धागे उभे. गाठीपाशी ती जरा अडते, तेवढंच. कार्बनच्या बाणाचं दुखणं हेच. त्याच्याही नळीतले बहुतेक धागे उभे, रेझिनमध्ये घट्ट बसवलेले. म्हणून तो लवतो आणि लगेच सरळ होतो. पण फाळ दगडावर आपटला, की आतली धातूची खुंटी मागे रेटली जाते आणि नळीचं तोंड उभं फाटतं. इथे तर अडवायला गाठही नाही.

मग तोंडावर बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचं बोटाच्या पेराएवढं कडं चढवतात. आपल्या काठीची शेंबी ती हीच, आणि तिचं कूळ कार्बनपेक्षा फार जुनं. तुतनखामेनचं थडगं १९२२ मध्ये उघडलं, त्यातल्या बोरूच्या बाणांना पुढे कठीण लाकडाचा तुकडा जोडलेला होता. म्हणजे मार पुढेच बसतो, हे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच कळलं होतं. अमेरिकेत डग ईस्टनने १९३९ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचे बाण केले. ते फाटत नसत, वाकत. पुढे १९८३ मध्ये त्याच्याच कंपनीने अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर कार्बन चढवला. निव्वळ कार्बनच्या नळ्या आल्यावर ते आतलं अस्तरही गेलं. आता हौशी तिरंदाज जुने अ‍ॅल्युमिनियमचे बाण कापून त्यांचीच कडी कार्बनला घालतात. गंमतच म्हणायची!

बैलगाडीच्या चाकाची धाव तापवून चढवतात, निवली की ती आवळते. इथे तो मार्ग बंद, तापलं की रेझिन बिघडतं. म्हणून इपॉक्सी लावायचं. पुढचं वजन वाढल्याने बाण सुटताना जास्त लवतो, निशाणा नव्याने जुळवावा लागतो. स्पर्धेत नळीची जाडी ९.३ मिलिमीटरच्या वर चालत नाही, हेही ध्यानात ठेवायचं.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की सातारा जिल्हा लागतो. तिथल्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला, सतराव्या वर्षी, कंपाउंड तिरंदाजीचं विश्वविजेतेपद मिळवलं. तिचं पाहून पोरांनी धनुष्य हाती घेतलं असेल, तर एवढं सांगा: कडं तोंड सांभाळतं, मधली चीर नाही. प्रत्येक नेमाआधी बाण कानाशी धरून हलका वाकवा. करकरला, तर मोडून टाका. सुटताना फुटला तर कार्बनची कुसळं हातात घुसतात.