झेल पुरा कधी होतो

अमेरिकन फुटबॉलमध्ये झेलणाऱ्याच्या हातून चेंडू निसटला की एकच प्रश्न उभा राहतो: तो मुळात हातात आला होता का? उत्तर ‘नाही’ असेल तर फारसं बिघडत नाही. पास अपुरा ठरतो, घड्याळ थांबतं, चेंडू पुन्हा होता त्या जागी येतो आणि चार प्रयत्नांतला एक वाया जातो. उत्तर ‘हो’ असेल तर मात्र तो फम्बल. चेंडू जिवंत आहे, झडप घालेल त्याचा आहे, आणि प्रतिस्पर्ध्याने उचलला तर तो उलट्या दिशेने धावत सुटू शकतो.

क्रिकेटमध्येही नियम ताबा मागतो, चेंडूवरचा आणि स्वतःच्या हालचालीवरचा. १९९९च्या विश्वचषकात हेडिंग्लेला स्टीव्ह वॉचा झेल हर्शेल गिब्जने आनंदाच्या भरात चेंडू वर फेकायला जाऊन सांडला, तो याच नियमाचा धडा. पण क्रिकेटमध्ये झेल पुरा झाला की फलंदाज बाद होतो आणि चेंडूचं काम तिथे संपतं. इथे खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. झेल पुरा झाला की झेलणारा धावपटू बनतो आणि त्याला वेगळे नियम लागतात. ही सीमा नेमकी कुठे आखायची, यावरून अमेरिकेत माणसं पिढ्यानपिढ्या भांडत आली आहेत. नियम लिहिणाऱ्यांनी ढिलाई केली असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. झेल घ्यायला थोडा का होईना वेळ लागतो. नियमाला मात्र त्या वेळेतला एक ठरावीक क्षण बोटाने दाखवावा लागतो. अडचण तिथे आहे.

सुरुवातीला या खेळात पुढच्या दिशेने पास फेकायलाच मनाई होती. माणसांचा घोळका समोरच्या घोळक्यावर आदळायचा, आणि त्यात कॉलेजची मुलं जिवानिशी जायची. १९०५च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. पुढच्याच वर्षी पुढे फेकलेला पास नियमात बसला. पण जुन्या मंडळींना तो फारसा आवडलेला नव्हता, आणि ते नियमात स्पष्ट दिसतं: पास कोणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याकडे. ५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा गावी सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास फेकला. तो कोणी झेलला नाही आणि चेंडू हातचा गेला. त्याच सामन्यात नंतरचा एक पास जॅक श्नायडरने झेलला आणि त्यावर टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे जाऊन गुण मिळाले. न झेललेल्या पासाला आज जे सौम्य फळ मिळतं ते पुढच्या काळात, एकेक शिक्षा काढून टाकत, हळूहळू आलं. शिक्षा हलकी झाली तसा पास वाढला, आणि पास वाढला तसा झेलाचा प्रश्न महत्त्वाचा होत गेला.

चेंडूचंही यात अंग आहे. पूर्वी तो बराच गुबगुबीत होता. फेकायला सोपा जावा म्हणून १९१२ आणि १९३४ मध्ये तो बारीक करत नेला. आज तो साधारण ११ इंच लांब आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. असा चेंडू छातीशी धरून माणूस आडवा पडला, की त्याचं एक टोक बहुतेक वेळा हाताच्या पकडीबाहेर राहतं आणि जमिनीला तेच आधी लागतं. पुढचे निम्मे वाद या टोकाचे आहेत.

२३ डिसेंबर १९७२ चा पिट्सबर्गचा झेल अमेरिकेत सगळ्यांत प्रसिद्ध. ओकलंड रेडर्सविरुद्ध शेवटच्या २२ सेकंदांत टेरी ब्रॅडशॉचा पास कोणाच्या तरी अंगावर आपटून मागे उडाला आणि फ्रँको हॅरिसने तो बुटांजवळ झेलून थेट गोलरेषा गाठली. चेंडू आपटला तो पिट्सबर्गच्या फुकावर की ओकलंडच्या टेटमवर, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. कारण एकाच संघाच्या दोन खेळाडूंनी लागोपाठ चेंडूला स्पर्श करणं तेव्हा नियमबाह्य होतं. तो नियम १९७८ मध्ये गेला. चेंडू जमिनीला टेकला होता का, याचं निर्विवाद चित्रण मात्र नाही.

वादाला आजचं रूप आलं ते चित्रणामुळेच. ६ जानेवारी १९८० रोजी त्याच पिट्सबर्गच्या मैदानात ह्यूस्टन ऑयलर्सच्या माइक रेन्फ्रोने गोलक्षेत्राच्या कडेला पास पकडला. पंचांनी आपसात बोलून तो अपुरा ठरवला. टीव्हीवर रिप्ले पुन्हा पुन्हा दाखवला गेला आणि घरी बसलेल्यांना पंचांपेक्षा जास्त दिसलं. रिप्ले पंचांच्याही हाती द्या, ही मागणी त्यानंतर जोर धरू लागली. व्यावसायिक संघांच्या एनएफएल या लीगने १९८६ मध्ये तो आणला, १९९१च्या मोसमानंतर बंद केला आणि १९९९ मध्ये प्रशिक्षकाच्या आव्हानासकट परत आणला.

हेतू ढोबळ चुका सुधारण्याचा होता. पण कॅमेरा फक्त चूक दाखवून थांबत नाही. पडायला सेकंदही लागत नाही, पण तेवढा वेळही तो ताणून दाखवतो. तळव्याखाली चेंडू किंचित फिरतो, टोक गवताला घासतं, एक बोट सुटतं. पंचाच्या डोळ्यासाठी लिहिलेला नियम आता या चित्रासमोर उभा राहिला.

फळ लगेच दिसलं. २३ जानेवारी २००० रोजी सेंट लुइसमध्ये टॅम्पा बेचा संघ ६–११ ने मागे होता आणि मिनिटभरही उरलं नव्हतं. बर्ट इमॅन्युएलने पास घट्ट पकडला, पडताना चेंडूचं टोक जमिनीला लागलं, आणि रिप्लेनंतर झेल रद्द झाला. सामना गेला. त्याच वर्षी नियम बदलला: ताबा सुटला नसेल तर चेंडू नुसता जमिनीला लागल्याने झेल जात नाही. झेलणाऱ्याच्या नावानेच लोक हा बदल ओळखतात.

दुसरं कलम मात्र तसंच राहिलं. झेल घेताना माणूस खाली पडत असेल तर जमिनीवर आदळून होईपर्यंत त्याने चेंडू सांभाळला पाहिजे. १२ सप्टेंबर २०१० रोजी शिकागोत डेट्रॉइटचा कॅल्व्हिन जॉन्सन याच कलमात सापडला. संघ १४–१९ ने मागे, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ. शॉन हिलचा पास त्याने गोलक्षेत्रात उंच उडी मारून घेतला, दोन्ही पाय टेकले, बुडावर आपटला आणि उठण्यासाठी ज्या हातात चेंडू होता तोच हात जमिनीवर टेकवला. चेंडू तिथेच सुटला. स्टेडियममध्ये आणि टीव्हीसमोर तो टचडाऊन होता. पंच जीन स्टेराटोर यांचा निर्णय झाला, अपुरा. नियमाप्रमाणे निर्णय बरोबर होता. मला या प्रसंगातली खरी गोम तीच वाटते. पंच चुकला असता तर प्रकरण एका संध्याकाळी मिटलं असतं.

चार वर्षांनी तेच स्टेराटोर ग्रीन बेला उभे होते. ११ जानेवारी २०१५, बाद फेरी, डॅलस २१–२६ ने मागे, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, दोन यार्ड हवे. टोनी रोमोने लांब फेकलं. डेझ ब्रायंटने बचावपटूच्या डोक्यावरून चेंडू काढला, पडता पडता पावलं टाकली आणि गोलरेषेकडे हात लांबवला. चेंडू जमिनीला लागून उडाला, तो त्याने पुन्हा पकडला. मैदानावर झेल मान्य झाला. ग्रीन बेचे प्रशिक्षक माइक मॅकार्थी यांनी आव्हानाचं लाल फडकं टाकलं आणि झेल गेला. ब्रायंट धावपटू झाला होता का? मी ते दृश्य पाहतो तेव्हा मला रेषेकडे झेपावणारा माणूस दिसतो. ज्याने चेंडू मिळवलाच नाही तो त्याला घेऊन रेषेकडे कशाला झेपावेल? नियमाच्या नजरेत तो अजून पडत होता.

मग १७ डिसेंबर २०१७. पिट्सबर्गच्या जेसी जेम्सने न्यू इंग्लंडविरुद्ध गोलरेषेजवळ चेंडू घेतला, गुडघा टेकला, वळून चेंडू रेषेपलीकडे नेला. धावपटूला एवढं पुरतं. चेंडूचं टोक रेषेवरच्या काल्पनिक भिंतीला शिवलं की गुण, पुढे चेंडू सुटला तरी चालतं. पण जेम्स नियमाप्रमाणे झेलणाराच होता, आणि आदळताना चेंडू हातात हलला. टचडाऊन रद्द झाला, पिट्सबर्ग २४–२७ ने हरलं.

हे कलम इतकं कडक का ठेवलं होतं, हेही समजून घ्यायला हवं. सीमा लवकर आखली तर आदळून सुटणारा प्रत्येक चेंडू फम्बल ठरतो आणि पकडता पकडता धडक खाल्लेल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते. उशिरा आखली तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले झेल रद्द होतात. नियमकर्त्यांनी पहिल्या धोक्याला जास्त जपलं, आणि प्रेक्षक दुसऱ्यावर चिडले.

मार्च २०१८ मध्ये ऑर्लँडोला ३२ संघांच्या मालकांनी एकमताने ‘पडणाऱ्या’चं वेगळं कलम काढून टाकलं. आता तीन गोष्टी लागतात: चेंडूवर ताबा, दोन्ही पाय किंवा शरीराचा दुसरा भाग आत टेकणं, आणि खेळातली एखादी नेहमीची कृती, म्हणजे आणखी एक पाऊल टाकणं, चेंडू पुढे लांबवणं किंवा तसं करण्याइतका वेळ हातात असणं. या मापाने जॉन्सन, ब्रायंट आणि जेम्स तिघांचेही झेल पुरे धरले गेले असते. मला हा बदल योग्य वाटतो. माणूस जमिनीवर कसा आदळला यापेक्षा त्याने चेंडूचं काय केलं, हे तो विचारतो.

तरी सीमेचा प्रश्न सुटलेला नाही. ७ डिसेंबर २०२५ रोजी बाल्टिमोरच्या आयझाया लाइक्लीने पिट्सबर्गविरुद्ध गोलक्षेत्रात पास घेतला. दोन पाय टेकले, तिसरं पाऊल टेकण्याआधी बचावपटूने चेंडू हाणून पाडला. मैदानावर दिलेला टचडाऊन रिप्लेने काढून घेतला आणि बाल्टिमोर २२–२७ ने हरलं. तिसरी अट पुरी झाली नव्हती, असं लीगचं म्हणणं. बाल्टिमोरवाल्यांचा सवाल असा की त्याने चेंडू हातांनी पुढे लांबवला होता आणि नियमातल्या कृतींच्या यादीत तेही आहे, मग पाऊलच का मोजलं?